नंदाबाईंच्या दुखण्याची आवक-नोंद

संध्याकाळी साडेसात वाजले की राधाकिसनराव कुणाचेच नसत. ऑफिसचे नसत, गल्लीचे नसत, बायकोचे तर नसतच. त्या वेळी ते फक्त डॉक्टर शाल्मलीकरांचे असत.

शाल्मलीकर म्हणजे ‘निदान’ या मालिकेतले डॉक्टर. रोज त्यांच्याकडे असा पेशंट येई, की ज्याच्यापुढे बाकीच्या डॉक्टरांनी हात टेकलेले असत. मग शाल्मलीकर काचेच्या मोठ्या फळ्यावर एकेक लक्षण लिहीत, मागे सरून हाताची घडी घालत, आणि गप्प होत. ती शांतता जाहिराती संपेपर्यंत टिके. जाहिराती संपल्या की ते हळूच म्हणत, “आपण चुकीच्या ठिकाणी बघत होतो,” आणि एका आजाराचं नाव घेत. ते नाव अख्ख्या अंबड शहरात कुणाला धड उच्चारता आलं नसतं. राधाकिसनरावांच्या अंगावर मात्र सर्रकन काटा येई. टीव्हीसमोर पाय पसरून बसणं त्यांनी या मालिकेपासून सोडलं होतं. एवढ्या ज्ञानाकडे तळपाय करून बसणं त्यांना बरं वाटेना.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. राधाकिसनराव एका सरकारी कार्यालयात सव्वीस वर्षं आवक-जावक सांभाळत होते. कागद आला की शिक्का, मग क्रमांक, मग तारीख. क्रमांक पडला नाही तर कागद आलाच नाही, असं त्यांचं तत्त्व होतं आणि त्यात ते साहेबांचंही ऐकत नसत. एकदा ऑफिसचं छत गळून त्यांच्याच टेबलावर धार लागली, तेव्हा त्यांनी आधी गळतीच्या तक्रारीला आवक क्रमांक दिला आणि मग बादली लावली. अशा माणसाला ‘निदान’ मालिका आवडणारच. फळ्यावरची लक्षणं ही शेवटी आवकच की.

त्यांची बायको नंदाबाई दिवाळीपासून बरी नव्हती. बरी नव्हती म्हणजे काय, ते नीट सांगता येत नव्हतं. थकायची, दिवसा पेंगायची, आवाज जाडा झाला होता, चेहरा सुजल्यासारखा दिसायचा. एप्रिलमध्ये एका दुपारी ती तव्यापुढे बसल्या बसल्या झोपली आणि भाकरी जळून धूर गल्लीत गेला. राधाकिसनराव धावत आत आले. त्यांनी गॅस बंद केला, तिला हलवून जागं केलं. ते खरोखर घाबरले होते. पण खोटं कशाला बोला, त्या भीतीच्या मागोमाग आणखी एक विचार त्यांच्या मनात आला, आणि तो असा, की ही केस आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोनशे पानी वही आणली. रकाने आखले. आवक क्रमांक, दिनांक, लक्षणाचा विषय, कोणाकडून प्राप्त, शेरा.

“नंदा, काय होऊन राह्यलं तुला? एकेक सांग.”

“काय न्हाई. अंगात जीव न्हाई.”

“एक, अंगात जीव नाही. तोंडी प्राप्त,” राधाकिसनरावांनी लिहिलं. “इथं सही कर.”

नंदाबाईंनी सही केली. एक शब्द न बोलता केली. राधाकिसनरावांनी शाई वाळवली आणि पुढचा क्रमांक टाकला.

वही झाली, आता फळा हवा होता. काचेचा फळा अंबडला मिळेना, म्हणून ते शाळेच्या मुख्याध्यापकांकडे गेले. गोरक्षनाथ सर त्यांचे जुने स्नेही होते, पण फळ्याचं नाव काढताच त्यांचा चेहरा सरकारी झाला.

“फळा शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरला नोंदलेला आहे, राधाकिसनराव. असा कसा देऊ? अर्ज करा.”

राधाकिसनरावांना हे ऐकून आदरच वाटला. त्यांनी तिथल्या तिथे अर्ज लिहिला. कारणाच्या जागी ‘पत्नीचे निदान करणेकामी’ असं घातलं. सरांनी ते खोडायला लावलं आणि ‘आरोग्यविषयक जनजागृती’ असं लिहून घेतलं, कारण पत्नीसाठी फळा देण्याचा नियम कुठेच नव्हता. मालवाहू रिक्षातून फळा घरी आला आणि दारातून आत जाईना. उभा घालून पाहिला, आडवा घालून पाहिला, चौकटीचा रंग गेला. शेवटी तो बाहेर ओट्यावरच रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

आणि इथून नंदाबाईंचं दुखणं गल्लीचं झालं.

समोरचे अप्पाराव निवृत्त एसटी कंडक्टर. ते पहिल्याच संध्याकाळी खुर्ची घेऊन आले. कुठल्याही दुखण्याबद्दल त्यांचा एकच प्रश्न असे, “कुठून कुठपर्यंत?” पाठ दुखते म्हटलं की ते मधले सगळे थांबे विचारत. दुसरे बद्रीनाथ. कोपऱ्यावर त्यांचं बियाणं-औषधांचं दुकान होतं आणि तीस वर्षं शेतकऱ्यांनी आणलेली रोगट पानं बघून त्यांची नजर तयार झाली होती.

“चेहरा पिवळसर, केस गळून राह्यले, वाढ खुंटली,” बद्रीनाथ फळ्याकडे बघत म्हणाले. “लोह कमी हाय. कपाशीवर असतं तर मी डोळे मिटून फवारणी दिली असती.”

“वाढ खुंटली? अठ्ठेचाळीस वर्षांची हाय ती!” राधाकिसनराव म्हणाले.

“मंग मुळापासून बघा. मूळकुज असू शकते.”

राधाकिसनरावांनी मूळकुजीपुढे प्रश्नचिन्ह टाकलं. शाल्मलीकरसुद्धा सहकाऱ्यांची मतं अशीच शांतपणे ऐकून घेत.

आठवड्यात अकरा लक्षणं झाली. क्रमांक सात, ऐन उन्हाळ्यात पंखा बंद करा म्हणते. क्रमांक नऊ, टाचा आणि कोपरं खरखरीत. क्रमांक अकरा लिहिताना राधाकिसनरावांनी क्षणभर विचार केला, पण शास्त्रात लाज धरून चालत नाही म्हणून मोठ्या, वळणदार अक्षरात लिहिलं, ‘शौचास साफ होत नाही’. गल्लीतली पहिलीतली पोरं जाता-येता ते अक्षर लावून मोठ्याने वाचू लागली. नंदाबाई एकदा बाहेर आल्या, त्यांनी फळा वरपासून खालपर्यंत वाचला आणि परत आत जाऊन बसल्या.

“वहिनी काही बोलल्या न्हाईत?” अप्पारावांच्या बायकोने, कडूबाईंनी, डोळे मोठे करून विचारलं.

“पेशंटचं सहकार्य उत्तम आहे,” राधाकिसनराव म्हणाले आणि तसा शेराही त्यांनी वहीत मारला.

मग लोक फळ्यावर आपलं लिहू लागले. एका सकाळी क्रमांक तेराच्या खाली कुणीतरी चौदाचा आकडा टाकून ‘गुडघे पण’ असं लिहून ठेवलेलं सापडलं. गुडघे नंदाबाईंचे नव्हते. चौकशी केली तर मागच्या गल्लीतला भिवा दूधवाला पुढे आला. एवढा मोठा तपास चाललाच आहे तर त्यात आपलंही होऊन जाईल, असं त्याला वाटलं होतं. राधाकिसनरावांनी त्याला झापलं, पण नंबर पडलेला होता, त्यामुळे गुडघे खोडता येईनात.

त्याच आठवड्यात मालिकेत एक बाई आली, जिच्या अंगात तांबं साठत होतं. राधाकिसनराव ताडकन उठले. घरातला तांब्याचा हंडा, दोन कळशा आणि पूजेचा तांब्या त्यांनी त्याच पावली अप्पारावांच्या ओट्यावर नेऊन ठेवले. नंदाबाईंच्या आईने भोकरदनहून लग्नात दिलेला तो हंडा होता. नंदाबाईंनी तो जाताना पाहिला आणि पदर अंगाभोवती ओढून घेतला. अप्पारावांकडे मात्र त्या हंड्याचं पाणी सगळ्यांना मानवलं.

शेवटी जालन्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं. राधाकिसनरावांनी फाईल तयार केली. वर अनुक्रमणिका, महत्त्वाच्या पानांना रंगीत चिठ्ठ्या. डॉक्टर वयस्क होते. त्यांनी नंदाबाईंकडे बघून मायेने विचारलं, “काय होतंय, ताई?”

“पान तीन, साहेब,” राधाकिसनराव म्हणाले.

डॉक्टरांनी पान तीन बघितलं नाही. परत ताईंनाच विचारलं. परत राधाकिसनरावांनीच उत्तर दिलं. बाहेर साठेक पेशंट होते. डॉक्टरांनी सुस्कारा टाकून चिठ्ठीवर तीन तपासण्या लिहिल्या आणि पुढचा नंबर बोलावला.

रक्त तपासायच्या खिडकीपाशी राधाकिसनरावांनी चिठ्ठी वाचली. पहिली साखर. ठीक. दुसरी हिमोग्लोबिन. ठीक. तिसरी थायरॉईड. ते वाचून त्यांचा चेहरा पडला. थायरॉईड तर गल्लीत पाच जणींना होता. सहा महिन्यांचं दुखणं, दोनशे पानी वही, शाळेचा फळा, आणि शेवटी थायरॉईड? शाल्मलीकर अशा आजारासाठी जाहिरातींपर्यंतसुद्धा थांबले नसते.

“ही तपासणी झालेली आहे आमची,” ते खिडकीतल्या मुलीला म्हणाले. “त्याऐवजी तांबं तपासा. आणि डोक्याचा फोटो कुठं काढतात?”

सगळं नॉर्मल आलं. साखर नॉर्मल, तांबं नॉर्मल, डोकं नॉर्मल. अंबडला परतल्यावर राधाकिसनरावांनी ही बातमी ओट्यावर जवळजवळ अभिमानाने सांगितली. अप्पाराव आणि बद्रीनाथ खुर्चीत मागे टेकले. रिपोर्ट नॉर्मल आणि बाई आजारी, म्हणजे आजार किती मोठा असेल! तिघांनीही शाल्मलीकरांसारखी हाताची घडी घातली.

तेवढ्यात गोरक्षनाथ सरांचा फोन आला. शाळेची तपासणी अचानक लागली होती आणि डेडस्टॉक मोजणार होते. फळा आत्ताच्या आत्ता! बद्रीनाथांच्या दुकानाच्या गाडीत घालून फळा नेला, पण वरचं पुसायला राधाकिसनरावांनी कुणाला हात लावू दिला नाही. पुरावा नष्ट होतो म्हणाले. तो तसाच चौथीच्या वर्गात टांगला गेला. तपासणीला आलेल्या साहेबांनी तो संपूर्ण वाचला, क्रमांक अकरापाशी थोडे थांबले, आणि शेरेबुकात लिहिलं, ‘आरोग्य विषयावर स्तुत्य उपक्रम. चौदाव्या मुद्द्यातील गुडघे सुसंगत वाटत नाहीत.’ गोरक्षनाथ सरांनी तो शेरा फोटो काढून पाठवला. राधाकिसनरावांनी तो तीनदा वाचला, आणि घरात गेले.

घरात नंदाबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. बाहेर समोरच्या घरातली मुलगी हातात पिशवी घेऊन चालली होती.

“ही कोण हो?” नंदाबाईंनी विचारलं.

“छकुली. अप्पारावांची छकुली! पुढच्या आठवड्यात लगीन न्हाई का तिचं?”

“हां, छकुली,” नंदाबाई म्हणाल्या. पण त्या अंदाजाने म्हणाल्या, हे राधाकिसनरावांना कळलं.

छकुलीला नंदाबाईंनीच न्हाऊमाखू घातलं होतं. कडूबाई बाळंतपणात आजारी होत्या तेव्हा चार महिने ती पोर या घरात वाढली होती. राधाकिसनरावांनी वही उघडली, पेन उचललं, क्रमांक सव्वीस टाकला, आणि त्यापुढे त्यांच्या हातून काही लिहिलं जाईना. त्या दिवशी साडेसातला त्यांनी टीव्ही लावला नाही. ही बाई आपल्या डोळ्यांदेखत थोडीथोडी निघून चालली आहे, आणि आपल्याला फक्त नंबर टाकता येतो, हे त्यांना त्या संध्याकाळी उमगलं.

लग्नाच्या दोन दिवस आधी अप्पारावांकडे बांगड्या भरायचा कार्यक्रम होता. गल्लीतल्या साऱ्या बायका जमल्या. पुरुष दाराबाहेर खुर्च्यांवर चहा घेत बसले. आत मधोमध इमामबी बांगड्यांची पेटी उघडून बसली होती. वीस वर्षं या गल्लीतला प्रत्येक हात तिनेच भरला होता. समोर बसलेल्या बाईकडे ती कधी बघतसुद्धा नसे. तोंडाने तिसरीच गोष्ट चाललेली असे, आणि हात आपले बोटं दाबत, अंगठ्याचं हाड आत वळवत, बांगडी अलगद वर सरकवत जात. छकुलीचा चुडा भरून झाला, कडूबाईंचा झाला, मग नंदाबाई पुढे बसल्या.

“दोन-चार,” माप न विचारता इमामबी म्हणाली आणि हिरव्या बांगड्यांचा जोड उचलला.

पहिली बांगडी अंगठ्यापाशीच मोडली. “वाढवली, वाढवली,” बायका म्हणाल्या, कारण असल्या वेळी बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही. इमामबीने दुसरी घेतली. तीही वाढवली. तिसरीचा तुकडा नंदाबाईंच्या हातात रुतला आणि रक्ताचा थेंब आला.

इमामबीचं बोलणं थांबलं.

तिने बांगड्या खाली ठेवल्या. नंदाबाईंचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, बोटं एकेक दाबून पाहिली, तळव्यावरून अंगठा फिरवला, कोपरापर्यंत कातडी चाचपली. आणि मग वीस वर्षांत पहिल्यांदाच तिने मान वर करून नंदाबाईंच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. राधाकिसनराव दारातून बघत होते. त्यांचा चहाचा कप हातातच राहिला.

“थंडी वाजून राह्यली का गं तुला?” इमामबीने विचारलं.

“वाजते, चाची.”

“साहेब कुठं हाय हिचे? बोलवा जल्दी.”

राधाकिसनराव चपला दारात काढून आत गेले.

“साहेब, ह्या बाईचा हात बिमार हाय,” इमामबी म्हणाली. “संक्रांतीला मी आले तवा ही झोपली होती, म्हणून हात धरायचा राहिला. आज धरला. माप बदललं. हाडाचं न्हाई बदललं, वरचं मास सुजलं. आणि थंड हाय, बघा. ह्या उन्हात सगळ्यांचे हात घामेजले, हिचा कोरडा ठणठणीत.”

“हो, ते क्रमांक सात आणि नऊला...” राधाकिसनराव सुरू झाले.

“ते सोडा, साहेब. मला हिचा हात कशानं कळला, सांगू? दर साली पहिली बांगडी चढली की ही वरडती. ‘चाची, हळू! हाड हाय ते, लाकूड न्हाई!’ मला शिव्या देती, माझ्या बांगड्यांना शिव्या देती, मी जाईपर्यंत तोंड बंद नसतं. आज मी तीन वाढवल्या. रगत आलं. ही गप्प. बोलणाऱ्या बाईचं भांडण गेलं, म्हंजे बिमारी बराबर आत जाऊन बसली. माझ्या नसरीनचं बिलकुल असंच झाल्तं. ते गळ्याचं असतंय ना, रगत तपासतात त्याचं?”

“थायरॉईड,” राधाकिसनराव म्हणाले. त्यांना स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

“हां, तेच. ते बघा.”

राधाकिसनराव तिथेच खाली बसले, बायकांच्या मध्ये, तेव्हा त्यांना त्याचंही भान नव्हतं. दिवाळीपासून नंदा आपल्यावर एकदाही ओरडली नव्हती. वहीवर सही कर म्हटलं, केली. पोटातली गोष्ट रस्त्यावर लिहिली, गप्प. आईचा हंडा घराबाहेर गेला, गप्प. आणि आपल्याला वाटलं होतं, चला, सव्वीस वर्षांनी संसारात शांतता आली. ऑफिसात दोघा-तिघांना त्यांनी हे कौतुकाने सांगितलंही होतं. आवक रजिस्टरात जे येतं त्याची नोंद होते. जे यायचं थांबलं, त्याची नोंद कुठल्या रजिस्टरला करतात? सव्वीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. आणि तो सोडवला होता एका बाईच्या हातांनी, ज्यांना फळा लागला नाही, फाईल लागली नाही, जाहिरातींएवढा वेळही लागला नाही. राधाकिसनराव त्या सुरकुतलेल्या, काचेने चिरा पडलेल्या बोटांकडे बघत राहिले. इतकं मोठं ज्ञान इतक्या जवळ, गल्लीत दर सणाला येऊन जात होतं, आणि आपण ते कधी पाहिलं नाही.

“चाची, तुम्ही डॉक्टर आहात,” ते म्हणाले.

“न्हाई, साहेब,” इमामबी पेटीतून मोठ्या मापाचा जोड काढत म्हणाली. “डाक्टरला बिमारी दिसती. मला फकत माझी गिऱ्हाईकं ठाऊक हायत.”

दुसऱ्या दिवशी अंबडमधल्याच एका तरुण डॉक्टरीणबाईंनी राधाकिसनरावांना बाहेर बसवलं आणि नंदाबाईंशी दहा मिनिटं बोलल्या. संध्याकाळी रिपोर्ट आला. आकडा एवढा मोठा होता की डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा बघितला. “हे बरंच आधी कळायला हवं होतं,” त्या म्हणाल्या आणि एक गोळी लिहून दिली. रोज सकाळी, उपाशीपोटी. राधाकिसनरावांनी ती तळहातावर घेऊन पाहिली. मोहरीपेक्षा जरा मोठी असेल.

“एवढीच?”

“एवढीच. दीड-दोन महिने धीर धरा.”

घरी आल्यावर त्यांनी नंदाबाईंना सगळं सांगून टाकलं. जालन्याच्या डॉक्टरांनी ही तपासणी लिहिली होती आणि आपणच ती टाळली, हेही सांगितलं. आता ती बोलेल, भांडेल, म्हणून ते मान खाली घालून उभे राहिले.

“असू द्या,” नंदाबाई म्हणाल्या.

राधाकिसनराव मागच्या अंगणात गेले आणि तिथे एकटेच रडले.

त्यानंतर रोज सकाळी सहाला ते गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन बायकोच्या उशाशी उभे राहत. कशाचीही नोंद करत नसत. छकुलीचं लग्न झालं, ती सासरी आष्टीला गेली. जून गेला. नंदाबाईंच्या चेहऱ्यावरची सूज थोडी उतरल्यासारखी वाटली, पण राधाकिसनरावांनी स्वतःवर विश्वास ठेवला नाही. एके दिवशी नंदाबाईंनी आपण होऊन पंखा लावला. राधाकिसनराव शेजारच्या खोलीतून त्या पंख्याचा आवाज ऐकत बसले. पण त्या अजून हळूच बोलत, आणि जे द्याल ते घेत.

जुलैतली सकाळ होती. राधाकिसनराव ओट्यावर दात घासत उभे होते. एवढ्यात आतून आवाज आला. खणखणीत, वरच्या पट्टीतला.

“आवं! ओला टावेल गादीवर टाकला का पुन्हा? किती येळा सांगायचं माणसानं? गादी वाळत घालायला तुमच्या ऑफिसातून शिपाई येणार हाय का? आणि हा नळ कुणी चालू ठेवला? सव्वीस वर्षं झाली, एक गोष्ट धड येत न्हाई! तुमच्या आईलाबी मी तवाच म्हणलं होतं...”

टॉवेलवरून ती नळावर गेली, नळावरून सासूवर, सासूवरून त्यांच्या अख्ख्या घराण्यावर. कुठे अडखळली नाही, एक नाव विसरली नाही. समोरच्या ओट्यावर अप्पाराव बनियनवर धावत आले. “काय झालं हो, राधाकिसनराव? काय झालं?”

राधाकिसनरावांच्या तोंडात ब्रश होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी घाईघाईने ब्रश काढला आणि बोट ओठांवर ठेवलं.

“गप बसा, अप्पाराव. बोलू द्या तिला.”